मनुष्यांनीं नेमलेला सण खरा केव्हां होतो?

(उपदेशक व मंडळींतील अभ्यासवर्ग यांजकरितां पाठ)

वाचावयाचे उतारे : अनुवाद २६:१–११, एस्तेर ९:२०–३२, नहेम्या ८:९–१८, योहान १०:२२, २३, रोमकरांस १४:५, ६.



गेल्या कापणीच्या सणाच्या सुमारास एका लहानशा मंडळीच्या उपदेशकानें मजपुढें एक प्रश्न ठेविला. त्याची धाकटी मुलगी सणासाठीं शाळेंतून एक दिवसाची रजा मागावयास गेली असतां तेथील एका शहाण्या गृहस्थानें हंसून तिला म्हटलें, "अगे, हा सण पंचांगांत नाहीं, सरकारच्या यादींत नाहीं, तुझ्या पणज्यानें तो कधीं केला नाहीं, मग तो सण कसला? तो तुमच्या पाद्र्यांनीं काढलेला एक कार्यक्रम." मुलगी रडली नाहीं. तिनें घरीं येऊन बापाला एवढेंच विचारलें, "बाबा, आपला सण खोटा आहे काय?" उपदेशक मला म्हणाला, "पाळकसाहेब, तिला मी नाहीं म्हणालों खरा. पण कां नाहीं, हें मला सांगतां आलें नाहीं."

हा प्रश्न वाटतो तितका लहान नाहीं. आपल्यापैकीं बहुतेकांच्या वाडवडिलांनीं जुने सण सोडले, आणि सण सोडणें म्हणजे नुसती एक पूजा सोडणें नव्हे. माझ्या आजीनें बाप्तिस्मा घेतला त्या वर्षीं पोळ्याच्या दिवशीं शेजारच्या घरांतून पुरणाचा वास येत होता, आणि तिच्या चुलीवर रोजचीच भाकर होती. ती म्हातारपणीं मला सांगे, "देव बदलला त्याचें दुःख नव्हतें रे बाळा, पण त्या दिवशीं हाताला काम नव्हतें." ज्या घरांत सण नाहीं त्या घरांत वर्ष सपाट होतें, मुलांना आठवावयास कांहीं उरत नाहीं. म्हणून आपल्या मंडळ्यांनीं नवे सण धरले. ते खरे आहेत किंवा नुसती हौस आहे, हें आपणांस स्वच्छ समजलें पाहिजे.

आपल्या घरच्या गोष्टीविषयीं मनुष्याला निष्पक्षपातानें विचार करणें कठीण जातें. यास्तव या पाठांत प्रथम दूरच्या एका लोकांचा नवा सण आपण तपासूं, आणि जी कसोटी तेथें सांपडेल ती मग आपल्या सणाला लावूं.

एका नव्या सणाची हकीकत

अमेरिकेंत आफ्रिकन वंशाचे कोट्यवधि लोक राहतात. त्यांच्यांतील बहुतेकांच्या पूर्वजांना गुलाम करून जहाजांतून तेथें नेण्यांत आलें होतें. त्यांची नांवें गेलीं, भाषा गेल्या, आणि भाषांबरोबर सणही गेले. गुलामगिरी १८६५ सालीं संपली, तरी अपमान संपला नाहीं. १९६५ च्या ऑगस्ट महिन्यांत लॉस एंजेलिस शहराच्या वॉट्स नामक भागांत मोठा उद्रेक झाला व त्यांत ३४ माणसें मरण पावलीं. त्यानंतरच्या वर्षीं, म्हणजे १९६६ सालीं, मौलाना करेंगा या तरुण अभ्यासकानें आपल्या लोकांसाठीं एक सण योजिला. त्याचें नांव क्वांझा. पूर्व आफ्रिकेच्या स्वाहिली भाषेंत प्रथमफळांना जे शब्द आहेत त्यांतून हें नांव घेतलें आहे. २६ डिसेंबरपासून १ जानेवारीपर्यंत सात दिवस हा सण चालतो.

त्याची रीत अशी. घरांत मेजावर एक विणलेली चटई अंथरतात. तीवर फळें व धान्य मांडतात, आणि घरांत जितकीं मुलें असतील तितकीं मक्याचीं कणसें ठेवितात. सात मेणबत्त्यांची एक दिवठाणी असते; मधली मेणबत्ती काळी, एका बाजूस तीन तांबड्या व दुसऱ्या बाजूस तीन हिरव्या. रोज सायंकाळीं एक एक अधिक मेणबत्ती लावितात, आणि त्या दिवसाच्या एका तत्त्वाविषयीं घरांतील लहानथोर बोलतात. एकी, आपला मार्ग आपण ठरविणें, एकत्र काम व एकमेकांचें ओझें वाहणें, सहकारानें उद्योग करणें, जीवनाचा हेतु, नवी निर्मिति, आणि विश्वास, अशीं हीं सात तत्त्वें होत. एकाच पेल्यांतून सर्व पितात व पूर्वजांची आठवण करितात. ३१ डिसेंबरला मोठें जेवण होतें. मुलांना देणग्या मिळतात. त्यांत पुस्तक असावें व आपल्या वारशाची आठवण देणारी एखादी वस्तु असावी, असा संकेत आहे.

या सणावर टीका पुष्कळ झाली, आणि ती टीका आपण लपवूं नये. टीकाकार म्हणाले कीं, हा एका मनुष्यानें बसून रचलेला सण आहे. स्वाहिली ही पूर्व आफ्रिकेची भाषा. या लोकांचे पूर्वज तर बहुतांशीं पश्चिम व मध्य आफ्रिकेंतून आणलेले. मका हें धान्य मूळचें अमेरिकेचें. ज्यानें सण काढला त्याला १९७१ सालीं मारहाणीच्या एका प्रकरणांत न्यायालयानें दोषी ठरविलें व तो कारागृहांत गेला. शिवाय सरकारनें या सणाची सुटी कधीं दिली नाहीं. १९९७ सालीं टपाल खात्यानें एक तिकीट काढलें, इतकेंच. सण नाताळाला लागून असल्यामुळें आरंभीं तो नाताळाऐवजीं पाळावा असाही सूर होता. पुढें संस्थापकानेंच लिहिलें कीं, हा कोणाच्या धर्माच्या सणाऐवजीं नाहीं. आणि आज अनेक ख्रिस्ती घरांत नाताळ व क्वांझा हे दोन्ही पाळले जातात.

आतां वाचकांनीं या आक्षेपांकडे नीट पाहावें. उपदेशकाच्या मुलीला त्या गृहस्थानें जे तीन आक्षेप ऐकविले, जवळजवळ तेच येथें आहेत : सण जुना नाहीं, सरकारमान्य नाहीं, कोणीतरी काढलेला आहे. म्हणून या तीन कसोट्या आपण एकेक करून पाहूं.

तीन कसोट्या ज्या पुरत नाहींत

पहिली कसोटी, प्राचीनत्व. जुना तो खरा व नवा तो खोटा असें म्हणावें, तर प्रत्येक सण कधींतरी नवाच होता. २५ डिसेंबरचा नाताळ आपल्याला अनादि वाटतो. परंतु त्या तारखेचा सण रोममधील ३३६ सालच्या नोंदींत प्रथम आढळतो. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स वसाहतींत १६५९ सालीं कडक मतांच्या ख्रिस्ती लोकांनींच नाताळ पाळणाऱ्यास पांच शिलिंग दंड ठरविला होता, व तो कायदा १६८१ पर्यंत राहिला. आपला कापणीचा सण घ्या. पिकाबद्दल आभार मानणें जुनें आहे. पण देवळांत धान्य मांडून जो सण आपण करितों त्याची आजची रीत इंग्लंडांतील कॉर्नवॉल प्रांतांत मॉरवेन्स्टो गांवच्या रॉबर्ट स्टीफन हॉकर या पाळकानें १८४३ सालीं सुरू केली. आपल्या महाराष्ट्रांतही पाहा. घरांतील गणपति जुना, परंतु सार्वजनिक गणेशोत्सवाला लोकमान्य टिळकांच्या पुढाकारानें १८९३ पासून जोर आला. नागपुरास १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं आपल्या अनुयायांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. तो दिवस पाळण्यासाठीं आजही दरवर्षीं खेड्यापाड्यांतून लाखों माणसें दीक्षाभूमीवर जातात. तो दिवस त्यांना खरा वाटत नाहीं असें कोण म्हणेल? सारांश, वय हें सणाच्या खरेपणाचें माप नव्हे. जुनेपणामुळें सणाला वजन येतें, पण जीव येतो असें नाहीं.

दुसरी कसोटी, राजाची मोहर. कचेऱ्या बंद झाल्या म्हणजे सुटी झाली. सण झाला असें नव्हे. सुटी देणें सरकारच्या हातीं आहे, सण करणें लोकांच्या. अमेरिकेंतीलच दुसरें उदाहरण घेऊं. १९ जून १८६५ रोजीं टेक्सास प्रांतांत गॅल्व्हेस्टन येथें सेनापति ग्रेंजर यानें गुलाम मुक्त झाल्याचा हुकूम जाहीर केला. मुक्ततेचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ रोजींच निघाला होता. म्हणजे त्या लोकांना आपल्या सुटकेची बातमी अडीच वर्षांनीं पोहोंचली. पुढच्याच वर्षापासून ते हा दिवस पाळूं लागले. १८७२ सालीं ह्यूस्टन शहरांतील मुक्त झालेल्या लोकांनीं, जॅक येट्स नामक उपदेशकाच्या पुढारीपणाखालीं, पैसे जमवून या सणासाठीं दहा एकर जमीन विकत घेतली. टेक्सास सरकारनें या दिवसाची सुटी १९८० पासून दिली, आणि सर्व राष्ट्राची सुटी तो १७ जून २०२१ रोजीं झाला. मधल्या दीडशें वर्षांत तो सण खोटा होता काय? उलट, तो खरा होता म्हणूनच शेवटीं मोहर त्याच्यामागें चालत आली.

पवित्र शास्त्रांत याची दुसरी बाजूही आहे. अहरोनानें सोन्याच्या वासरापुढें वेदी बांधून दुसऱ्या दिवशीं परमेश्वराचा सण आहे असें पुकारिलें (निर्गम ३२:५). यराबाम राजानें लोकांनीं यरुशलेमास जाऊं नये म्हणून आपल्या मनानें महिना व तारीख ठरवून सण नेमिला (१ राजे १२:३२, ३३). दोन्ही ठिकाणीं अधिकार होता, दवंडी होती, गर्दीही होती. पण एक भीतीपोटीं काढला, दुसरा गादी राखण्यासाठीं. मोहर असून सण वाईट असूं शकतो, हें यावरून दिसतें.

तिसरी कसोटी, काढणाऱ्याची योग्यता. सण काढणारा दोषी ठरला म्हणून सण खोटा, असें आपण घाईनें म्हणूं नये. आणि काढणारा सज्जन म्हणून सण खरा राहील, अशा भरंवशावरही राहूं नये. ॲना जार्व्हिस या बाईनें आपल्या मृत आईच्या स्मरणार्थ १० मे १९०८ रोजीं वेस्ट व्हर्जिनियांतील ग्राफ्टन गांवच्या मेथडिस्ट देवळांत मातृदिनाची उपासना घडवून आणिली. आई १९०५ सालीं वारली होती, व तिचीं आवडतीं पांढरीं फुलें बाईनें देवळांत वांटावयास पाठविलीं. १९१४ सालीं राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनीं त्यावर सरकारी शिक्काही केला. हेतु निर्मळ, आरंभ देवळांत, मान्यता सरकारची. परंतु लवकरच फुलांचे व्यापारी व कार्डें छापणारे यांनीं तो दिवस आपला करून घेतला. तें पाहून ज्या बाईनें दिवस काढला तीच पुढें त्याच्या बाजारीपणाविरुद्ध अनेक वर्षें झगडली, आणि १९४८ सालीं निधन पावली. दिवस चालू राहिला, पण तिला जें हवें होतें तें त्यांत राहिलें नाहीं असें तिला वाटलें.

चार खुणा ज्यांवरून सण ओळखावा

तर मग खरेपणा कशांत आहे? मनुष्यांनीं नेमलेल्या दोन सणांविषयीं शास्त्रांत जें आलें आहे त्यावरून आपल्याला उत्तर मिळतें. एक पुरीम, तो मोशेच्या नियमशास्त्रांत नाहीं, तो मर्दखय व एस्तेर यांच्या काळीं निघाला. दुसरा समर्पणाचा सण; ख्रिस्तापूर्वीं सुमारें १६४ वर्षें मक्काबी यहूदांनीं भ्रष्ट झालेलें मंदिर शुद्ध केलें त्याचें तें स्मरण. हाही नियमशास्त्राबाहेरचा. तथापि योहान सांगतो कीं, त्या सणाच्या वेळीं, हिंवाळ्यांत, आपला प्रभु मंदिरांत शलमोनाच्या देवडींत फिरत होता. त्यानें तो सण नवा म्हणून टाकिला असें आपण वाचीत नाहीं.

पहिली खूण : सणाच्या मुळाशीं खरी आठवण किंवा खरी गरज असावी. पुरीमाच्या मागें मरणांतून झालेली सुटका आहे. समर्पणाच्या सणामागें विटाळलेली व पुन्हां उभारलेली वेदी आहे. क्वांझाच्या मागें एकच एक दिवसाची घटना नाहीं. पण ज्यांचे सण बळानें हिरावले गेले अशा लोकांची गरज आहे. भाषा शेजारच्या देशाची घेतली हें खरें. परंतु आपल्या पूर्वजांची भाषा कोणती हेंच ज्यांना कळूं दिलें नाहीं, त्यांनीं दुसरें काय करावें? उसन्या भांड्यांतून पाणी प्यालें तरी तहान खरी असते.

दुसरी खूण : सणांत घरोघर हातानें करावयाचें कांहीं ठरलेलें काम असावें, आणि तें असें असावें कीं मुलांनीं त्याविषयीं विचारावें. वल्हांडणाविषयीं निर्गमाच्या १२ व्या अध्यायांत सांगितलें आहे कीं, मुलें या सेवेचा अर्थ पुसतील तेव्हां त्यांना तो सांगावा. म्हणजे मुलाचा प्रश्न हा सणाचाच एक भाग आहे. सभा, भाषण व पाहुण्यांचा सत्कार यांनीं सण होत नाहीं. तेथें मुलें बसून कंटाळतात, विचारीत कांहीं नाहींत. मेणबत्ती कां लावावयाची, माझें कणीस कोणतें, असें मूल जेथें विचारतें तेथें सण मूळ धरतो. माझ्या आजीनें एका वाक्यांत हेंच सांगितलें होतें. हाताला काम पाहिजे.

तिसरी खूण : लोकांनीं तो आपण होऊन आपल्या अंगावर घ्यावा आणि त्यासाठीं कांहीं झीज सोसावी. एस्तेरच्या ९ व्या अध्यायांतील २७ वें वचन लक्षपूर्वक वाचा. मर्दखयानें पत्रें पाठविलीं हें खरें, पण सण कायम झाला तो यहूद्यांनीं आपल्यावर, आपल्या संततीवर व जे कोणी त्यांस येऊन मिळतील त्यांवर तो बांधून घेतला म्हणून. येऊन मिळणाऱ्यांचा उल्लेख तेथें मुद्दाम आहे. जो बाहेरून आला त्याचाही तो सण पूर्णपणें आहे. पणज्यानें केला नव्हता हा आक्षेप त्याला लागत नाहीं.

याविषयीं माझी एक चूक सांगतों. सेमिनरींतून निघून पहिल्या मंडळींत गेलों तेव्हां मीं उपासनेंत जाहीर केलें कीं, मंडळीच्या स्थापनेचा दिवस दरवर्षीं सण म्हणून पाळावयाचा. कागद छापले, मांडव घातला, बाहेरून वक्ते आणिले, जेवणाचा खर्च एका सधन बंधूंनीं उचलला. पहिल्या वर्षीं गर्दी झाली. दुसऱ्या वर्षीं निम्मी. तिसऱ्या वर्षीं ते बंधु मुंबईस गेले, आणि सणही त्यांच्याबरोबर गेला. कोणाला चुकल्यासारखें वाटलें नाहीं, कारण कोणी त्यासाठीं कांहीं दिलेंच नव्हतें. त्याच मंडळींत बायका रोज स्वयंपाकाच्या वेळीं एक मूठ धान्य निराळ्या मडक्यांत टाकीत व महिन्याच्या एका रविवारीं तें देवळांत आणून ओतीत. त्या रविवाराला कोणी सण म्हणत नसे. पण पावसानें ओढा भरला तरी त्या दिवशीं बायका लुगडीं खोंचून पलीकडे येत. खरा सण मंडळींत आधींच होता. मला तो दिसला नव्हता.

चौथी खूण : सणांत ज्याला नाहीं त्याचा वांटा असावा. पुरीमाच्या दिवशीं एकमेकांस ताटें व गरिबांस देणग्या पाठवावयाच्या असें ठरलें. नहेम्याच्या काळीं, ज्यांच्यासाठीं कांहीं तयार नाहीं त्यांना वांटे पाठवा असें लोकांना सांगण्यांत आलें. अनुवादाच्या २६ व्या अध्यायांत प्रथमफळांची टोपली आणणाऱ्यानें लेवी व परदेशी यांच्यासह आनंद करावा असें आहे. आणि हे दोघेही असे कीं ज्यांना वतनाची जमीन नव्हती. ज्या सणांत गरिबाचा वांटा नाहीं, तो कितीही जुना असो, कितीही मोठा असो, त्याविषयीं आमोस व यशया यांचे कठोर शब्द आपण वाचलेच आहेत.

या चार खुणा क्वांझाला लावल्या म्हणजे उत्तर एका शब्दांत देतां येत नाहीं, आणि देऊंही नये. ज्या घरांत आईबाप सात संध्याकाळ मुलांजवळ बसतात, आपल्या लोकांच्या दुःखाची व हिंमतीची गोष्ट सांगतात, शेजाऱ्याला जेवावयास बोलावितात, त्या घरांत तो सण खरा आहे. १९६६ सालचा असला म्हणून कांहीं बिघडत नाहीं. जेथें तो दुकानांतील एका फळीवरचा माल झाला, तेथें तो सण नाहीं. हाच न्याय नाताळाला लागतो, आणि आपल्या कापणीच्या सणालाही लागतो.

आपल्या सणाची तपासणी

आतां दुसऱ्यांविषयीं बोलणें पुरे. कापणीच्या सणाला आपल्या मंडळ्यांतून अलीकडे काय होतें तें पाहा. पूर्वीं माणसें डोक्यावरून ज्वारीचीं कणसें, गुळाची ढेप, कोंबडी, भोपळा, जें असेल तें आणीत. आतां पुष्कळ ठिकाणीं पाकिटांत नोट येते. नोट देणें वाईट नव्हे. पण लहान मूल नोटेविषयीं काय विचारील? वेशीवर मोठ्या फलकावर पुढाऱ्यांचीं छायाचित्रें लागतात, कर्णा ओरडतो, आणि उपासनेपेक्षां लिलाव लांबतो. एकाच भोपळ्यावर दोन सधन घरें चढाओढ करितात व तो हजार रुपयांवर जातो. मागें बसलेली बाई, जिनें दुसऱ्याच्या शेतांत मजुरी करून ओंजळभर शेंगा आणिल्या, तिच्या शेंगा कोणाच्या हिशेबांत येत नाहींत.

ज्याला शेत नाहीं त्याचा कापणीचा सण कोणता? आपल्या मंडळ्यांतून भूमिहीन कुटुंबें थोडीं नाहींत. ऊसतोडीला गेलेलीं कुटुंबें तर त्या दिवशीं गांवांतही नसतात. अनुवादाचा तो अध्याय अशांना दाराबाहेर ठेवीत नाहीं. तो त्यांना टोपलीजवळ उभें करितो. यास्तव मी तीन लहान सूचना करितों. एक, प्रत्येक घरानें, शेत असो वा नसो, हातानें मिळविलेली एखादी वस्तु आणावी. शिंपणानें शिवलेली पिशवी, सुतारानें केलेलें पोळपाट, मजुराची ओंजळ, हीं सर्व पीकच होत. दोन, वस्तु वेदीपुढें ठेवितांना घरांतील मुलानें ती ठेवावी आणि वडील माणसानें ती कोठून आली हें एका वाक्यांत सांगावें. तीन, आलेल्या धान्याचा एक भाग लिलावांत न जातां त्याच दिवशीं गांवांतील गरजूंच्या घरीं पोहोंचावा, आणि तें घर आपल्या मंडळीचें आहे किंवा नाहीं हें पाहूं नये.

एक सावधगिरी

खरा सण व बंधनकारक सण या दोन गोष्टी निराळ्या आहेत. रोमकरांस पत्रांत पौलानें सांगितलें आहे कीं, कोणी एक दिवस विशेष मानतो, कोणी सर्व दिवस सारखे मानतो. प्रत्येकानें आपल्या मनाची खात्री करावी. मनुष्यांनीं नेमलेला सण प्रीतीनें पाळावा. तो न पाळणाऱ्याला कमी ख्रिस्ती समजूं नये. तसेंच शेजाऱ्याच्या सणाची थट्टा करूं नये. आपल्या मुलीला हंसणाऱ्या गृहस्थानें जें केलें तेंच आपण दुसऱ्याच्या अंगणांत करावें, हें शोभत नाहीं. त्यांच्या पूजेंत आपण भाग घेणार नाहीं. परंतु त्यांच्या आनंदाला खोटा म्हणण्याचा अधिकार आपणांस कोणी दिलेला नाहीं.

त्या उपदेशकाला मीं पत्रानें जें उत्तर पाठविलें तें असें : "मुलीला सांगा, आपला सण नवा आहे हें खरें, आणि तो माणसांनीं नेमला हेंही खरें. पण तो खोटा आहे कीं खरा, हें पंचांग सांगणार नाहीं, सरकार सांगणार नाहीं आणि पाळकही सांगणार नाहीं. या वर्षीं तिच्या हातानें काय ठेविलें जातें, आणि तें कोणाच्या घरीं जातें, यावरून तें तिचें तिलाच कळेल." त्याचें उत्तर आलें कीं, मुलीनें परसांतल्या वेलाचीं दोन दोडकीं ठेविलीं, आणि दुपारीं तींच घेऊन ती पलीकडच्या आळींतील एका एकट्या म्हातारीकडे गेली. म्हातारीनें विचारलें, "आज काय आहे ग पोरी?" ती म्हणाली, "आजी, आज आमचा सण आहे."

वर्गांत विचारावयाचे प्रश्न

१. पुरीम व समर्पणाचा सण हे कशाच्या स्मरणार्थ निघाले? ते कोणीं नेमले?

२. अहरोन व यराबाम यांनीं पुकारलेल्या सणांत कोणता दोष होता?

३. सुटी व सण यांत भेद काय? आपल्या गांवांतील एक एक उदाहरण द्या.

४. एस्तेर ९:२७ यांत येऊन मिळणाऱ्यांविषयीं जें सांगितलें आहे, त्यापासून नव्या विश्वासणाऱ्यास कोणतें समाधान मिळतें?

५. आपल्या मंडळींत अशी कोणती चाल आहे कीं जिला आपण सण म्हणत नाहीं, पण जी वरील चार खुणांना उतरते?

६. येत्या कापणीच्या सणांत भूमिहीन कुटुंबांचा वांटा व मान कसा राखावा? वर्गानें एक ठराव करून तो पंचांपुढें ठेवावा.